मंचावर घडलेले सीक्वेन्सर

सीक्वेन्सर म्हणजे कोणता स्वर, कोणता ठोका किंवा ध्वनीचा कोणता तुकडा नेमका केव्हा वाजायचा याची नोंद ठेवणारे आणि ती नोंद हुकमी वाजवून देणारे यंत्र किंवा सॉफ्टवेअर. त्याची रचना मुळात स्टुडिओच्या गरजेतून झाली. स्टुडिओत चुकलेली ओळ पुन्हा घेता येते, ठोका मागेपुढे सरकवता येतो, सगळे थांबवून चहा पिता पिता विचार करता येतो. मंचावर यातले काहीच शक्य नसते. एका बाजूला घटका-घटका मागे घेता येणारा काळ आणि दुसऱ्या बाजूला एकदाच हाती लागणारा काळ, या दोहोंमधल्या ओढाताणीतून सीक्वेन्सरमधल्या बऱ्याच महत्त्वाच्या सुधारणा झाल्या आहेत. त्या वरवर वेगवेगळ्या दिसतात: कुठे नवी बटणे, कुठे नवी जोडणी, कुठे संगणकभाषेतली दुरुस्ती. बहुतेकींच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच असतो. लय धरायची कोणी, माणसाने की यंत्राने?

सॉफ्टवेअरच्या आधी टेप होती, आणि पहिले धडे तिनेच दिले. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडने १९७१च्या 'हूज नेक्स्ट' या अल्बममधल्या गाण्यांसाठी सिंथेसायझरचे भाग आधी ध्वनिमुद्रित करून ते मंचावर टेपवरून वाजवायला सुरुवात केली. ड्रमवादक कीथ मून हेडफोन लावून टेपच्या लयीला धरून वाजवत असे. म्हणजे ज्याने बँडला लय द्यायची तोच टेपच्या मागे चालू लागला. १९७३ मध्ये न्यूकॅसलच्या कार्यक्रमात टेप चुकीच्या जागी सुरू झाली तेव्हा गिटारवादक पीट टाउनशेंडचा संताप प्रेक्षकांसमोरच उफाळला. ही व्यवस्था अजून टिकून आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात आणि मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांत आधी भरून ठेवलेल्या वाद्यमेळाला वादक 'सीक्वेन्स' म्हणतात. ड्रमर किंवा कीबोर्डवादक कानातल्या क्लिकवर चालतो, बाकीचे त्याच्यावर. गायकाने आलाप लांबवला, 'वन्स मोअर' आला किंवा टाळ्यांनी अंतरा उशिरा उचलला गेला, की सीक्वेन्स आपला पुढे निघून जातो. त्याला ऐकू येत नाही, ही मूळ उणीव. तिच्यावरचे उपाय चार दशके चालू आहेत.

यंत्रांना आपसात बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये मिडी ही सामायिक पद्धत आली. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम व्यापारमेळ्यात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी पुढे २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करण्याचा संदेश तीन बाइटचा, आणि त्याला साधारण एक मिलिसेकंद लागतो. स्टुडिओत हे नगण्य. पण एकाच केबलवरून दहा स्वरांचा भरणा, त्यात ड्रमचे ठोके आणि पिच-बेंडचा, म्हणजे स्वर ओढण्याच्या आदेशांचा, ओघ आला की शेवटचा स्वर पहिल्याच्या दहा-बारा मिलिसेकंद मागे पडतो. कान हे 'उशीर' म्हणून ओळखत नाही. ठोका मऊ पडल्यासारखा, ठेका ढिला झाल्यासारखा वाटतो. वादकांची तक्रारही अशाच शब्दांत येत असे, आणि तिचे मूळ केबलच्या वेगात आहे हे शोधणे अभियंत्यांचे काम होते. एकाहून अधिक स्वतंत्र मिडी मार्ग देणारी उपकरणे त्यातूनच रूढ झाली.

विलंब आणि डळमळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही वादकांच्या तक्रारींची छाननी करतानाच स्पष्ट होत गेले. विलंब स्थिर असेल तर माणूस तो पचवतो. ध्वनीला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. तीन-साडेतीन मीटरवरच्या साथीदाराचा आवाज दहा मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याने मैफल बिघडत नाही. स्टॅनफर्डमधल्या ख्रिस चेफ यांच्या गटाने दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला. दोघांमधला विलंब वाढवत नेला तेव्हा लय मंदावत गेली. पण तो फारच कमी केला तेव्हा लय चढत गेली. स्थिर लय शून्य विलंबाला मिळाली नाही. ती मिळाली सुमारे ११-१२ मिलिसेकंदांच्या विलंबाला. डळमळीला, म्हणजे दर ठोक्याला बदलत्या विलंबाला, मात्र असे जुळवून घेता येत नाही. १९८५ मध्ये आलेला अटारी एसटी हा संगणक वादकांनी नव्वदच्या दशकातही सोडला नाही, याचे एक कारण हे होते. मिडीची जोडणी त्याच्यात अंगभूत होती आणि एका वेळी तो एकच काम करत असल्याने ठोके जागच्या जागी पडत. त्याहून कितीतरी वेगवान, पण एकाच वेळी दहा कामे करणारे नंतरचे संगणक या बाबतीत त्याच्या मागे राहिले, हे वेगाच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांना उलगडायला वेळ लागला. संगणक ध्वनीची आकडेमोड तुकड्या-तुकड्यांनी करतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने २५६ नमुन्यांचा तुकडा म्हणजे ५.८ मिलिसेकंद, १,०२४चा म्हणजे २३. स्टुडिओत मिश्रण करताना मोठा तुकडा सोयीचा. बोटाखाली आवाज हवा असेल तर लहान लागतो. स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या आसिओ या प्रणालीमुळे विंडोजच्या वाटेतले अडथळे टाळून असा लहान तुकडा वापरता येऊ लागला.

लयीचा प्रश्न याहून खोल होता. अमेरिकेत रॉजर लिन या गिटारवादक अभियंत्याने १९८०च्या एलएम-१ या ड्रमयंत्रात दोन सोयी दिल्या: वादकाचा ठोका जवळच्या ठरावीक उपमात्रेवर ओढून बसवणे आणि दर दुसरी उपमात्रा थोडी मागे सरकवून झुलता ठेका देणे. पहिली सोय ठेका सरळ करते, दुसरी त्यात पुन्हा जीव आणते. १९८८च्या अकाई एमपीसी-६०मध्ये त्याने १६ रबरी पॅड दिले. ठेके भरण्यासाठी केलेले ते पॅड हिपहॉप कलाकारांनी पुढे थेट मंचावर बोटांनी वाजवायला घेतले. रचनाकाराच्या मनात नसलेला उपयोग वादक करून दाखवतात आणि पुढची यंत्रे त्या उपयोगाभोवती घडतात, असा हा क्रम आहे. त्यात अभिप्राय कोणी लिहून देत नाही. तो वापरातूनच मिळतो.

यंत्राला ऐकायला शिकवण्याचा प्रयत्न संशोधनसंस्थांतून झाला. १९८४ मध्ये अमेरिकेत रॉजर डॅननबर्ग आणि पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत काम करणारे बॅरी व्हर्को यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वादक स्वरलिपीत कुठवर आला आहे हे ओळखून त्याच्याबरोबर चालणारी साथ मांडली. इर्कॅममध्ये मिलर पकेट यांनी संगीतकार फिलिप मानुरी यांच्या रचनांसाठी हे काम पुढे नेले. १९८७ची 'ज्युपिटर' बासरीसाठी होती, १९८८ची 'प्लुटॉन' पियानोसाठी. पकेट यांचे 'मॅक्स' हे सॉफ्टवेअर या कामातूनच आकाराला आले. त्यातली दृश्य खोकी आणि त्यांना जोडणाऱ्या तारा हा पुढच्या कित्येक संगीत-सॉफ्टवेअरांचा पाया ठरला. एखाद्या ठरावीक मैफलीची तारीख समोर ठेवून केलेले काम सर्वसाधारण उपयोगाचे निघते, याचे हे ठळक उदाहरण. अर्शिया कॉन्ट यांनी २००७ पासून विकसित केलेली 'अँटेस्कोफो' ही प्रणाली त्याच परंपरेतली. वादक कुठे आहे इतकेच ओळखून ती थांबत नाही, तो पुढे कोणत्या गतीने जाईल याचा अंदाजही बांधते. मात्र या सगळ्यांना आधी लिहिलेली स्वरलिपी लागते. उत्स्फूर्त गायन-वादनात त्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

उत्स्फूर्ततेच्या बाजूने सर्वांत दूरवर गेलेले उदाहरण बर्लिनचे आहे. गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे दोघे 'मोनोलेक' या नावाने टेक्नो संगीत करत आणि मंचावर स्वतः मॅक्समध्ये बांधलेली साधने वापरत. बाजारातले सीक्वेन्सर डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या पट्टीसारखे होते: गाण्याला आरंभ, मध्य, शेवट. क्लबमधल्या प्रयोगाला शेवट केव्हा होईल हे नाचणाऱ्यांवर अवलंबून. १९९९ मध्ये बेलेस, हेन्के आणि बर्न्ड रोगेनबुक यांनी एबलटन कंपनी उभी केली आणि २००१ मध्ये तिच्या 'लाइव्ह' या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली. तिच्यात काळाची पट्टी होतीच, पण शेजारी चौकटींची जाळीही होती. प्रत्येक चौकटीत एक सांगीतिक तुकडा, आणि कोणताही तुकडा केव्हाही उचलावा. उचल नेमकी ठोक्यावर पडण्याची जबाबदारी यंत्राची: बटण थोडे आधी दाबले तरी तुकडा पुढच्या आवर्तनाच्या आरंभालाच सुरू होतो. वेगळ्या गतीत ध्वनिमुद्रित केलेला तुकडा स्वर न बदलता चालू गतीत ताणून किंवा आक्रसून बसवला जातो. तिसरी गोष्ट जाहिरातीत चमकली नाही, पण मंचावरच्या लोकांनी तीच आधी हेरली असणार: नवे वाद्य आणा, तुकडा बदला, गती चढवा, आवाज बंद पडत नाही. थांबून संपादन करण्याची स्टुडिओतली सवय इथे मुळातच नाकारली होती. पहिल्या आवृत्त्यांत मिडीची सोयही नव्हती, ती चौथ्या आवृत्तीत, २००४ मध्ये आली. एरवी अपुरे ठरले असते असे सॉफ्टवेअर उभे राहिले, कारण करणारे स्वतः आपल्या अडचणीवर उपाय शोधत होते.

त्यानंतरची वाटचाल मंचाच्या मागण्यांनीच ओढलेली दिसते. लॅपटॉपच्या पडद्याआड बसलेला कलाकार संगीत करतो आहे की टपाल वाचतो आहे हे प्रेक्षकांना कळेना. माऊसने एका वेळी एकच गोष्ट हलते, ही कलाकाराची अडचण. हेन्केने स्वतःसाठी 'मोनोडेक' नावाचा बटणांचा फलक बनवला. २००६ मध्ये अमेरिकेत 'मोनोम' हा आठ बाय आठ दिव्यांच्या बटणांचा फलक आला. त्याच्यावर काहीही छापलेले नव्हते, अर्थ सॉफ्टवेअरने द्यायचा. २००९ मध्ये अकाईचा एपीसी-४० आणि नोव्हेशनचा लाँचपॅड आले, तेही 'लाइव्ह'च्या जाळीचेच हाती धरता येईल असे रूप. २०१३च्या 'पुश'मध्ये त्याच पॅडवर स्वरही वाजवता येऊ लागले. बटणाखालचा दिवा इथे शोभेपुरता नाही: काय वाजते आहे, काय पुढच्या समेची वाट पाहते आहे, हे अंधाऱ्या मंचावर पडद्याकडे न पाहता कळते.

दोन-तीन जण आपापले लॅपटॉप घेऊन बसले की एकाचे घड्याळ सर्वांनी मानायचे अशी मिडीची रीत होती. पुढारी यंत्र बंद पडले की सगळेच पडत. २०१६ मध्ये आलेल्या 'लिंक' या पद्धतीत पुढारीच नाही. जाळ्यातला कोणीही गती बदलू शकतो, कोणीही मध्येच येतो-जातो, आणि बाकीच्यांचे आवर्तन मोडत नाही. मैफलीतल्या माणसांमध्ये जे नाते असते ते यंत्रांमध्ये आणण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल. 'लाइव्ह'च्या २०१८च्या दहाव्या आवृत्तीत रेकॉर्डचे बटण न दाबताही नुकतेच वाजवलेले परत मिळवण्याची सोय आली, कारण चांगली जागा बहुधा बटण दाबायच्या आधीच येऊन जाते. २०२१च्या अकराव्या आवृत्तीत ड्रमरच्या मायक्रोफोनवरून गती ओळखून तिच्यामागे चालण्याची सोय आली. टेपला न आलेले ऐकणे पन्नास वर्षांनी सामान्य सॉफ्टवेअरमध्ये पोहोचले. तेही स्पष्ट, ठसठशीत ठेका असेल तरच नीट चालते.

याच काळात वेगळ्या वाटेने 'लाइव्ह कोडिंग' वाढले. त्यात कलाकार मंचावर संगणकभाषेत सूचना लिहितो, त्या बदलतो आणि पडदा प्रेक्षकांना दाखवतो. या पंथाची 'टॉपलॅप' ही संघटना २००४ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झाली. इथे सॉफ्टवेअर करणारा आणि वाजवणारा बहुधा एकच. ॲलेक्स मॅकलीन यांच्या 'टायडल सायकल्स'मध्ये नव्या ओळीत चूक असेल तर संदेश दिसतो, पण जुनी ओळ वाजत राहते. सामान्य प्रोग्रॅम चुकीपाशी थांबतो, आणि तेच योग्य मानले जाते. मंचावर शांतता हीच सर्वांत मोठी चूक. सॅम ॲरन यांनी २०१२ मध्ये शाळांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर 'सॉनिक पाय' आणले. त्यात 'अर्धा सेकंद थांब' असे सांगितले की अर्ध्या सेकंदात आकडेमोडीचा वेळही मिसळे, दर ठोक्याला किंचित उशीर साचत जाई आणि दोन समांतर ठेके हळूहळू एकमेकांपासून सुटत. शिकवणीच्या धड्यात हे खपून जाते, गाण्यात नाही. नंतर 'थांब' या सूचनेचा अर्थच बदलला: मागच्या ठोक्याच्या ठरलेल्या क्षणापासून मोजायचे, आकडेमोडीला लागलेला वेळ त्यातून वजा करायचा. २०१४ मध्ये या बदलाची काटेकोर गणिती मांडणीही प्रसिद्ध झाली. कानाला खटकलेली गोष्ट संगणकभाषेच्या व्याख्येपर्यंत जाऊन पोहोचल्याची अशी उदाहरणे थोडीच.

विश्वासार्हतेचा प्रश्न रूक्ष आहे, पण मंचावर तोच आधी विचारला जातो. मोठ्या दौऱ्यांत एकच सीक्वेन्स दोन संगणकांवर एकत्र चालवतात. पहिला संगणक सतत एक खुणेचा ध्वनी पाठवत राहतो. तो थांबला की मधली पेटी आपोआप दुसऱ्यावर जाते. प्रेक्षकांना काही कळत नाही. सॉफ्टवेअर सुधारण्याऐवजी त्याच्या अपयशाची सोय करून ठेवण्याची ही रीत निर्मात्यांना फारशी गौरवास्पद नाही.

मंचावरचा अनुभव निर्मात्यांपर्यंत पोहोचतो कसा, हा वेगळा विषय आहे. मैफल थांबवून प्रश्नावली भरून घेता येत नाही, आणि नंतर विचारले तर कलाकाराला फजितीचा क्षण आठवतो, ती होण्यामागची पाच मिनिटे आठवत नाहीत. प्रयोगशाळेत वीज, अंधार, गर्दी आणि भीती नसते. चालू दौऱ्यात कोणी शहाणा वादक नवी आवृत्ती चढवत नाही, म्हणून मंचावरून येणारा अभिप्राय बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीचा असतो. या अडचणींवर तोडगा म्हणून वापराच्या नोंदी आपोआप साठवण्याचा मार्ग निघाला. केंब्रिजमध्ये ख्रिस नॅश यांनी सीक्वेन्सर आणि ट्रॅकर हा त्याचाच एक प्रकार वापरणाऱ्या एक हजाराहून अधिक लोकांचा दोन वर्षे अभ्यास केला. त्यातून पुढे आले ते हे, की बदल करणे आणि तो ऐकणे यांतले अंतर जितके कमी तितकी वापरणाऱ्याची तंद्री टिकते. २००१ पासून संगीताच्या नव्या साधनांवर भरत आलेल्या 'नाइम' परिषदेत अशा अभ्यासांबरोबर मैफलीही होतात, आणि एखाद्या साधनाविषयी निबंध जे सांगत नाही ते मैफलीत दिसते. यातली एक गोष्ट नेहमी हातातून निसटते: वादक मागतो ते आणि त्याला लागते ते एक नसते. तो आणखी एक बटण मागतो, आणि खरी अडचण अशी निघते की असलेले बटण अंधारात सापडत नाही. प्रत्येक मागणी पुरवत गेलेली सॉफ्टवेअरे मंचावर वापरण्याजोगी राहत नाहीत.

अभिप्राय कोणाकडून घेतला यावरही बरेच ठरते. भारतीय संगीताशी संबंधित एक जुना प्रयोग इथे आवर्जून पाहण्यासारखा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपन लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांनी आणि बर्नार्ड बेल यांनी 'बोल प्रोसेसर' हा प्रोग्रॅम तयार केला. तबल्यातल्या 'कायदा' या रचनाप्रकाराच्या विस्ताराचे नियम त्यात घालायचे, यंत्राने पलटे, म्हणजे त्या विस्तारातले फेरफार, काढायचे, ते जाणकारांसमोर ठेवायचे. नियमात बसणारा पण कानाला न रुचणारा पलटा नाकारला गेला की नियम दुरुस्त करायचे. उस्तादांना संगणकभाषा येण्याची गरज नव्हती. हे चालेल, हे चालणार नाही, इतके सांगणे पुरे होते. बर्लिनच्या उदाहरणात निर्माता आणि वादक एक होते, इथे ते दोन राहिले आणि तरीही संवाद नेमका झाला. पुढची आवृत्ती मिडीशी जोडली गेली, आणि १९९४ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सादर झालेल्या 'क्रोनॉस' या नृत्यरचनेचे संगीत तिच्यावर घडले.

आज प्रचलित असलेल्या सीक्वेन्सरांच्या घडणीत असा संवाद भारतीय वादकांशी फारसा झालेला दिसत नाही. त्यांच्यात सात किंवा दहा मात्रांचे माप देता येते, पण ते माप म्हणजे निव्वळ मोजणी. खाली-भरीला जागा नाही. विलंबित ख्यालात एक आवर्तन मिनिटभराचे असू शकते, लय नकळत चढत जाते, आणि ती किती चढवायची हे गायक आणि तबलजी नजरेने ठरवतात. मिडीत स्वर ओढण्याचा आदेश सबंध चॅनेलला लागू होतो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीने प्रत्येक स्वराला स्वतंत्र ओढ दिली, त्यामुळे मिंडेची वाट जरा मोकळी झाली. सर्वांत मोठी अडचण मात्र उचलीची आहे. बटण दाबले की तुकडा आवर्तनाच्या आरंभी सुरू व्हावा, हे 'लाइव्ह'चे तत्त्व टेक्नोला चपखल बसते, कारण तिथे महत्त्व सुरू होण्याला. तिहाईत महत्त्व पोहोचण्याला असते. पाच मात्रांचा तुकडा दम न घेता तीनदा घेऊन शेवटचा धा समेवर आणायचा, तर तीनतालात उचल तिसऱ्या मात्रेपासून होते आणि झपतालात सातव्या मात्रेपासून. तबलजी शेवट आधी ठरवतो आणि तिथून मागे मोजत आरंभाला येतो. बहुतेक सीक्वेन्सरांत तुकडा कुठे सुरू व्हावा हे सांगता येते, कुठे संपावा हे नाही. आरंभी मोकळ्या मात्रा घालून तिहाई बसवता येते, पण ती आधी तयार करून ठेवलेली असावी लागते, आणि ताल किंवा लयकारी बदलली की निरुपयोगी होते. तुकडा समेवर संपेल अशा बेताने उचल आपोआप काढणे हे आकडेमोडीच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. मात्रांची वजाबाकी आहे.